पेठला वाळवून ठेवलेलं यीस्ट

नाशिकहून परत आल्यापासून जो तो विचारतोय, रामकुंडावर गेला होतात का, काळाराम पाहिलात का, त्र्यंबकला अभिषेक केलात का. मी नाही म्हणते. मग साहजिकच पुढचा प्रश्न येतो, "मग इतके दिवस केलंत तरी काय?" यीस्ट शोधत होते म्हटलं की लोक हवापाण्यावर येतात. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "पावाचं ना? अहो, कोपऱ्यावरच्या दुकानात पुडी मिळते की!" म्हणून ठरवलं, एकदा बसून सगळं लिहूनच काढावं. सांगून सांगून तोंड दुखलं आणि खरं सांगायचं तर पायही अजून दुखताहेत.

आधी जायची वेळ का आली ते सांगते. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत यीस्टवर काम करते. यीस्टच्या पेशीत मायटोकाँड्रिया नावाचे बारीक अवयव असतात. अन्नातून ताकद काढायचं काम त्यांचं. तिथे शेकडो प्रथिनं राबत असतात, आणि राबणारी वस्तू म्हटली की ती बिघडायचीच. बिघडलेली प्रथिनं हुडकून तोडून टाकणारी एन्झाइम्स तिथेच असतात, त्यांना प्रोटिएझ म्हणतात. ती नसली तर आत कचरा साठतो आणि मायटोकाँड्रिया बंद पडतात. माणसाच्या पेशीतही थोडंफार असंच चालतं, म्हणून यीस्टचं एवढं कौतुक.

आमच्याकडे एक खास यीस्ट होतं. त्यातलं एक प्रोटिएझ जरा अधू. गारव्यात कसंबसं काम रेटायचं, उकाड्यात हात टेकायचं. हे यीस्ट नव्वदीच्या दशकात आमच्याकडे संशोधन करणाऱ्या भास्कर गावितने शोधलं होतं. मला ज्युनिअर, हुशार, बोलायला मोकळा. पुढे तो आपल्या गावी पेठला शिकवायला निघून गेला आणि यीस्ट आमच्याकडे राहिलं. त्यावरच माझी विद्यार्थिनी अश्विनी पीएचडी करत होती. प्रबंध जवळजवळ लिहून झालेला. जूनच्या आत पदवी हातात आली तर पिंपळगावजवळ नव्यानेच सुरू झालेल्या एका वायनरीत तिची नोकरी पक्की होती. वायनरीला यीस्ट कळणारं माणूस हवं होतं, आणि पिंपळगाव बसवंत तिचं माहेर, सासर, सगळंच, कारण लग्न अजून व्हायचंय.

आणि मग डिसेंबरमध्ये माशी शिंकली.

यीस्टला साखर दिली तर मायटोकाँड्रिया नसले तरी त्याचं काही अडत नाही, आयतं खाऊन ते फुगतं. ग्लिसरॉल दिलं की मात्र मायटोकाँड्रिया धड असल्याशिवाय एक घास उतरत नाही. आमचं अधू यीस्ट उकाड्यात ग्लिसरॉलवर वाढत नाही, हे आम्ही वर्षानुवर्षं बघत आलो आणि "वा, अगदी बरोबर" म्हणत आलो. वाढत नाही हीच तर त्याची ओळख! गारव्यात ते वाढतं का, हे कोणी पाहिलंच नाही. कशाला पाहायचं? ते तर ठाऊकच होतं ना. अश्विनीने दुसऱ्याच कशासाठी तरी ते थंडीत ग्लिसरॉलवर लावलं आणि प्लेट, म्हणजे खाद्य थिजवलेली थाळी, कोरी राहिली. परत लावलं, परत कोरी.

तिचा चेहरा पाहूनच मला कळलं. मागे एका मे महिन्यात वीज जाऊन जाऊन आमची कोल्डरूम आणि डीप फ्रीझर दोन्ही बसले होते. मायटोकाँड्रियाची स्वतःची थोडीशी जनुकं असतात, त्या उकाड्यात साखरेवर पडून राहिलेल्या आमच्या यीस्टमधली ती नाहीशी झाली असणार. ती एकदा गेली की परत येत नाहीत. म्हणजे अश्विनी इतकी वर्षं जे मोजत होती ते अधू प्रोटिएझचे परिणाम नव्हतेच, आधीच बंद पडलेल्या कारखान्याचे होते. पण हे खात्रीने सांगायचं तर अस्सल, मूळ यीस्ट शेजारी ठेवून दाखवायला हवं. ते फक्त भास्करकडे असलं तर असणार. ते जिवंत निघालं आणि गारव्यात वाढलं, तर प्रबंधाचा गाभाच नव्याने करायचा, एक वर्ष तरी गेलं. मेलेलं निघालं तर "मूळ वाण उपलब्ध नाही" असं एक वाक्य घालून प्रबंध देऊन टाकता आला असता. परीक्षक तेवढ्याने गप्प बसतात. मला माहीत आहे, मीही परीक्षक असते.

भास्करला फोन केला. तो म्हणाला, "हाय ना ताई, नळ्या हायेत. जिवंत हायेत का ते देव जाणे. या तुम्ही, बघू."

द्वारका

पुण्याहून येणारी बस नाशिकच्या द्वारका चौकात सोडते. अश्विनी सोबत होती. माझ्या हातात कापडी पिशवी, पिशवीत लाडवांचा मोठा स्टीलचा डबा आणि डब्यात ग्लिसरॉलच्या प्लेटी. डबा आडवा होता कामा नये, उन्हात राहता कामा नये. अशा स्थितीत द्वारकेचा चौक ओलांडणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. मुंबईचे ट्रक, आग्ऱ्याचे ट्रक, कांद्याचे टेम्पो, रिक्षा आणि मध्ये एक हवालदार, तोही कंटाळलेला. अर्ध्यात पोचले आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला. अश्विनी म्हणाली, "मॅडम, डबा माझ्याकडे द्या आणि पळा." मी पन्नाशी ओलांडलेली बाई, एक चप्पल हातात घेऊन पळाले. एका रिक्षावाल्याने ओरडून विचारलं, "मावशी, मॅरेथॉन हाय का?"

पलीकडे चांभार मिळाला आणि मिसळही. पुण्याच्या मिसळीत आम्ही पोहे घालतो, बटाटा घालतो आणि तिखट म्हणून मिरवतो. इथे मटकी, काळ्या मसाल्याचा रस्सा, वर शेव, सोबत भाजलेला पापड आणि दही. पुणेकर असूनही कबूल करते, रश्शाची चव जास्त खोल होती. नाकातून पाणी आलं आणि मिनिटभर तरी थकवा विसरले. अश्विनी मात्र नुसता पाव कुरतडत होती.

"खा गं, तुझ्याच भागातली मिसळ."

"मॅडम, आप्पांना अजून काही सांगितलेलं नाही."

पिंपळगाव बसवंत

अश्विनीचे वडील, आप्पा, द्राक्षांचं पॅकहाउस चालवतात. हंगाम ऐन भरात होता. फाट्यापासूनच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टेम्पो, क्रेटची थप्पी, कोल्ड स्टोरेजच्या मशिनांची घरघर. आप्पा पांढऱ्या टोपीत, तोंडात सुपारी, आवाज सबंध शेडभर. मला बघताच त्यांनी द्राक्षांचा एक घोस उचलून हातात ठेवला आणि खाल्ल्याशिवाय बोलूच दिलं नाही.

आत लांब टेबलांपाशी बायका डोक्याला जाळी लावून बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात छोटी कात्री. घोस उचलायचा, फिरवायचा, चिरलेला, मऊ पडलेला, डागी मणी नेमका कापून काढायचा आणि घोस पेटीत ठेवायचा. हात एवढे चालत होते की नजर ठरेना.

आप्पा म्हणाले, "एक मणी जरी सडका गेला ना मॅडम, तिकडं बोटीतून पेटी उतरंस्तोवर सगळी पेटी बसती. मग बसा बोंबलत."

मला राहवलं नाही. म्हटलं, "आप्पा, तुमची लेक पुण्यात ह्याच कात्रीचा अभ्यास करते. पेशीतल्या खराब प्रथिनांना कापणारी कात्री. ती बोथट झाली तर पेटीचं काय होतं ते बघते."

आप्पांनी कपाळावर हात मारला. "म्हंजी एवढा खर्च करून, पुण्याला जाऊन, पुन्हा मणीच काढती का ही? ते तर हितं फुकट शिकवलं असतं!"

सगळी शेड हसली. अश्विनीही हसली, पण ओठांपुरती.

जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात आणि ताक. आमच्याकडे पाहुण्याला पोळी वाढतात आणि "अजून घ्या" एकदाच म्हणतात. इथे नाही म्हटल्यावर वाढण्याला खरी सुरुवात होते. हात धुता धुता आप्पांनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, आपल्याला त्यातलं काय कळत नाय. एवढंच सांगा, जूनला पोरगी लागंल ना वायनरीत? घरापासून हाकेच्या अंतरावर नोकरी. तिची आई गेल्यापासून लय वाट बघितली ओ, ती परत यायची."

मी म्हणाले, "बघू. पेठला जाऊन आलो की कळेल." दुसरं काय बोलणार? आप्पा मान हलवून परत पेट्या मोजायला गेले. मला त्या माणसाची इतकी दया आली की मनातल्या मनात मी म्हटलं, मरू दे ते यीस्ट.

पेठ

नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून पेठची गाडी. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर कोंबडी. तिने माझा डबा दोनदा निरखला आणि विचारलं, "लाडू हायेत?" नाही म्हटलं. "चिवडा?" नाही. "मंग एवढं छातीशी धरून काय नेती?" आता काय सांगावं! अश्विनी म्हणाली, "औषध आहे, आजी." म्हातारीने लगेच कोंबडी दुसऱ्या मांडीवर घेतली. सावळघाटात गाडी वळणं घेऊ लागली तेव्हा मी डबा आणि म्हातारीने मला धरलं. डोंगरावर पळस पेटलेला होता. पाहायला सुंदर, पण माझं सगळं लक्ष डबा सरळ ठेवण्यात.

भास्कर स्टँडवर आला होता. केस पिकलेत, पोट सुटलंय, हसू तेच. "ताई, तुम्ही बारीक झाल्या," म्हणाला. तो अजूनही खोटं छान बोलतो. बायकोशी तो त्यांच्या कोकणीत बोलतो, गोव्याची नव्हे, तिथल्या कोकणा आदिवासींची, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. पण ती माझ्याकडे बघून हसली आणि पायांवर ओतायला गरम पाणी घेऊन आली, ते बरोबर कळलं.

त्याच्या कॉलेजची प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, कडप्प्याचा ओटा, दोन सूक्ष्मदर्शक, भिंतीवर बेडकाचा तक्ता. पळसाला पानं तीनच. आमच्याकडे वातानुकूलित खोलीत वीज जाते, इथे साध्या खोलीत जाते. त्याने कपाटातून फिरकीच्या झाकणाच्या नळ्या काढल्या. नव्या बुटांच्या खोक्यात ज्या पुड्या येतात, त्यातल्यासारखे सिलिका जेलचे खडे त्यात भरलेले. यीस्ट साय काढलेल्या दुधात कालवून त्या कोरड्या खड्यांवर ओतायचं. खडे पाणी शोषून घेतात, यीस्ट वाळून निजतं. फ्रिज नको, वीज नको. जुनी पद्धत, आम्हीही शिकलो होतो, पण डीप फ्रीझर आल्यावर कोण करतंय!

"पहिली काही वर्षं दर थंडीत उठवायचो," भास्कर म्हणाला. "बारावीच्या पोरांना दाखवायला. चित्रातला मायटोकाँड्रिया समद्यांना पाठ असतो, बिघडलेला कोण दाखवणार? मग गॅस बंद झाला, प्रॅक्टिकलचे तास गेले. तवापासनं नळ्या तशाच हायेत. मेलं असलं तर मला बोल लावू नका."

स्पिरिटच्या दिव्याशेजारी बसून अश्विनीने एकेका प्लेटीवर खडे पेरले. ग्लिसरॉलवर यीस्ट तसंही हळू उगवतं, त्यातून हे अधू आणि वर्षानुवर्षं झोपलेलं. प्लेटी भास्करच्या घरच्या मागच्या खोलीत ठेवल्या, भाताच्या कणगीशेजारी, कारण घरात सगळ्यात गार जागा तीच. आता फक्त वाट पाहायची.

वाट पाहण्याइतकं थकवणारं काही नाही. घाट चढून एवढी दमले नव्हते. सकाळी उठायचं, मागच्या खोलीत जायचं, प्लेट उजेडाकडे धरायची, काही नाही म्हणून ठेवून द्यायची. मग नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाची डाळ, खुरासणीची, म्हणजे कारळ्याची चटणी. आमच्याकडे नाचणी म्हणजे आजाऱ्याचं सत्त्व. इथे ती रोजची भाकरी, काळसर, टणक आणि पोटात बसली की दुपारपर्यंत भूक म्हणून नाही. मग भास्कर कॉलेजला गेला की मी आणि अश्विनी ओट्यावर बसून राहायचो. एका सकाळी तिने हाक मारली. मी धावत गेले तर एका प्लेटीवर हिरवा ठिपका. बुरशी. भास्करच्या बायकोने वाकून पाहिलं आणि भास्करला काहीतरी सांगितलं. तो हसत म्हणाला, "ती म्हणते, भाकरीवर येतं तेच तर हाय, त्यासाठी पुण्याहून कशाला आले?"

संध्याकाळी भास्करने सरळच विचारलं, "ताई, खरं सांगा. उगवावं वाटतं का नको?"

"नको वाटतं," मी म्हणाले. "वैताग आलाय रे. माझी रिटायरमेंट जवळ आली. ह्या पोरीला अजून एक वर्ष तेच तेच करायला लावू? तिचा बाप तिकडे डोळे लावून बसलाय. नोकरी काय परत चालून येणार आहे?"

"आणि उगवलं तर?"

"उगवलं तर बघू."

भास्करचंही यीस्ट होतं ते. ते शोधताना तो मला दिसला होता, यीस्टच्या हजारो वसाहतींतून एकेक टोचून बघत बसलेला. ते जिवंत असावं असं त्याला वाटणारच. पण तो आप्पांना भेटलेला नव्हता.

अश्विनीशी मी दुसऱ्या दिवशी बोलले. ती भास्करच्या बायकोसोबत वाटाणे सोलत होती. म्हटलं, "हे बघ, प्लेटी कोऱ्या राहिल्या तर आपण सुटलो. एक वाक्य घालू आणि देऊन टाकू. त्यात खोटं काही नाही."

"हो मॅडम," ती म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

"आणि उगवलं तरी लगेच घाबरायचं नाही. विचार करता येतो. कोणते प्रयोग करायचे, कोणते नाही, आधी पदवी घेऊन नंतर पेपरात दुरुस्त करता येईल का..."

"हो मॅडम."

एवढी आज्ञाधारक मुलगी, पण त्या दोन "हो"मध्ये मला काही आधार वाटला नाही. उलट डोकंच दुखायला लागलं. मी आत जाऊन आडवी झाले.

पुढच्या सकाळी मला उशिरा जाग आली. ऊन ओट्यावर आलं होतं. मागच्या खोलीत गेले तर प्लेटी जागेवर नव्हत्या. भास्करची बायको चुलीपाशी होती, तिने हातानेच रस्त्याकडे दाखवलं. मी चपला सरकवून बाहेर आले तर अश्विनी स्टँडच्या बाजूने येत होती, छातीशी तो लाडवांचा डबा. डोळे सुजलेले होते, पण चाल नेहमीची, झपाझप.

"कुठे गेली होतीस? आणि डबा घेऊन?"

"एसटीडी बूथवर. आप्पांना फोन केला. मग वायनरीला केला. सांगितलं, जूनमध्ये नाही जमणार, दुसरं माणूस बघा."

"अगं, वेडी का काय तू? आधी मला दाखवायचं तरी! काय म्हणाले आप्पा?"

"रडले. मग म्हणाले, सडका मणी दिसला आणि तसाच पेटीत ठेवला तर मी शेडवरच्या बायकांना काय सांगू." तिने नाक पुसलं. "मग परत रडले."

ओट्यावर बसून तिने डबा उघडला. वरच्या प्लेटीवर, खड्यांच्या कडेने, ग्लिसरॉलवर पांढरे, बारीक, घट्ट ठिपके आले होते. बुरशी नव्हती, दवही नव्हतं. इतकी वर्षं यीस्ट बघतेय, मला भिंग लागत नाही. जिवंत होतं, आणि गारव्यात वाढतही होतं. भास्कर मागे येऊन उभा राहिला होता. तो प्लेटीवर वाकला आणि एकदम लहान मुलासारखा हसला, मग अश्विनीकडे बघून त्याने हसू आवरलं.

मी चिडले होते. खरंच चिडले होते. "पण फोन करायची एवढी काय घाई होती? मला उठवायचं, दाखवायचं, बसून विचार केला असता..."

"म्हणूनच तर, मॅडम," अश्विनी म्हणाली आणि झाकण अलगद परत बसवलं. "आधी तुम्हाला दाखवलं असतं, तर आपण विचार केला असता."